ओळखीचे भांडवल आणि आपली मुले

समाजशास्त्रात नातलग, शेजारी, वर्गमित्र, सहकारी यांच्या जाळ्यातून मिळणाऱ्या लाभाला सामाजिक भांडवल म्हणतात. १९७३ साली मार्क ग्रॅनोव्हेटर या समाजशास्त्रज्ञाने दाखवून दिले की नोकरीची बातमी बहुधा जवळच्या माणसांपेक्षा दूरच्या ओळखीतून येते. कारण जवळच्यांना जे ठाऊक असते, ते आपल्यालाही ठाऊक असते.

भारतात या जाळ्याला जातीची कुंपणे आहेत. सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांच्या २००७ मधील अभ्यासात खासगी कंपन्यांकडे समान पात्रतेचे अर्ज पाठवले गेले. फरक फक्त नावांचा होता. उच्चजातीय नावांच्या तुलनेत दलित नावांना पुढचे बोलावणे येण्याची शक्यता सुमारे दोन तृतीयांशच होती.

आपल्या इतिहासातही ओळखीचे मोल दिसते. बाबासाहेबांची बुद्धिमत्ता वादातीत होती. पण केळुसकर गुरुजींनी त्यांची सयाजीराव गायकवाडांशी गाठ घालून दिली, शिष्यवृत्ती मिळाली आणि १९१३ साली ते कोलंबिया विद्यापीठात पोहोचले. राजर्षी शाहू महाराजांनी १९०२ साली ५० टक्के राखीव जागांचा हुकूम काढला, पण तेवढ्यावर ते थांबले नाहीत. त्यांनी वसतिगृहे उभी केली आणि गंगाराम कांबळे यांच्या हॉटेलात स्वतः चहा घेतला. हक्काला त्यांनी संबंधांची जोड दिली.

गारगोटीत मौनी विद्यापीठामुळे भुदरगडच्या वाड्या-वस्त्यांवर शिक्षण पोहोचले. तरीही काम करताना आम्हाला एकच अडचण पुन्हा पुन्हा दिसते. घरातला पहिलाच पदवीधर असतो. जागा निघाल्याचे त्याला मुदत संपल्यावर कळते. कर्ज काढायचे तर जामीन राहील असा पगारदार किंवा जमीनवाला नात्यात नसतो. मग तोच मुलगा पुन्हा मजुरीला जातो.

म्हणून आम्ही सुचवतो: प्रत्येक विहारात पुणे-मुंबई-कोल्हापुरात नोकरी करणाऱ्या आपल्या माणसांची नोंदवही ठेवावी. रविवारच्या वंदनेनंतर अर्धा तास जाहिराती वाचून दाखवाव्यात, अर्ज भरून द्यावेत. मात्र जाळे आपल्यापुरतेच राहिले तर तीच ती बातमी फिरत राहील. इतर समाजांतील शिक्षक, अधिकारी, उद्योजक यांनाही बोलवावे. ही खटपट आरक्षणाला पर्याय नव्हे. मिळालेला हक्क वस्तीतल्या शेवटच्या घरापर्यंत वेळेत पोहोचावा, एवढ्यासाठी ती आहे.