गिल्बर्ट हिल : उभ्या पाषाणाची टेकडी

कळंब्याजवळचे कात्यायनीचे डोंगर असोत वा सह्याद्रीचे कडे, दख्खनचा काळा पाषाण बहुधा आडव्या थरांत पसरलेला असतो. लाव्हाचे लोट एकामागून एक आले आणि एकावर एक गोठत गेले. क्वचित मात्र हाच पाषाण उभ्या, बहुकोनी स्तंभांच्या रूपाने प्रकट होतो. पन्हाळा तालुक्यातील बांदिवडे येथे असे स्तंभ आहेत. राज्यातील सर्वपरिचित उदाहरण मात्र मुंबईत, अंधेरी पश्चिमेच्या दाट वस्तीत उभे आहे. ते म्हणजे गिल्बर्ट हिल.

सुमारे ६० मीटर उंचीचा हा बेसॉल्टचा सुळका आहे. लाव्हा निवताना आकसतो आणि वाळत्या चिखलाप्रमाणे त्याला भेगा पडतात. निवण्याची क्रिया संथ व सर्वत्र सारखी झाली, तर या भेगा पृष्ठभागाशी काटकोन करून खोलवर उतरतात आणि खडक पाच-सहा बाजूंच्या स्तंभांत विभागला जातो. हे स्तंभ कोणी घडवल्यासारखे वाटतात, ते यामुळेच.

टेकडीचे वय सर्रास ६.६ कोटी वर्षे, म्हणजे डायनासोरांच्या अस्ताच्या काळाइतके, सांगितले जाते. हेतू शेठ व सहकाऱ्यांनी २००१ मध्ये आरगॉन समस्थानिकांच्या आधारे काढलेले वय मात्र सुमारे ६.०५ कोटी वर्षे भरले. म्हणजे दख्खनच्या ज्वालामुखीचा मुख्य उद्रेक ओसरल्यानंतरचा हा खडक आहे. माहितीफलकांना डायनासोर अधिक प्रिय असतात, हा भाग वेगळा!

मुंबई महापालिकेने २००७ मध्ये या टेकडीला द्वितीय श्रेणीचा वारसा दर्जा दिला आणि लगतच्या खोदकामास मनाई झाली. तोवर खाणींनी भोवतालचा पुष्कळ दगड नेला होता. अमेरिकेत वायोमिंगमधील ‘डेव्हिल्स टॉवर’ या अशाच स्तंभमय सुळक्याला १९०६ मध्येच राष्ट्रीय स्मारक घोषित करण्यात आले. तेथे सुळक्याबरोबरच भोवतीची शेकडो हेक्टर भूमीही राखली गेली. अंधेरीत खडक वाचला, पण त्याच्या अगदी पायथ्यापर्यंत झोपड्या व इमारती पोहोचल्या.

माथ्यावर गावदेवी व दुर्गामातेची मंदिरे आणि छोटी बाग आहे. खडकात कोरलेल्या पायऱ्यांनी वर जाता येते. वर गेल्यावर मात्र आपण स्तंभांच्या डोक्यावर उभे असतो. स्तंभ पाहायचे, तर खाली उतरून इमारतींमधल्या फटींतून मान वर करावी लागते.