दोस्तोयेव्हस्की: एका खेड्याचं नाव आडनाव कसं झालं, आणि ते इतकं दुर्मीळ का?

‘क्राइम अँड पनिशमेंट’ वाचली नसली तरी तिच्या लेखकाचं नाव आपण ऐकलेलं असतं. फ्योदोर दोस्तोयेव्हस्की. मराठीत ते पाचसहा तऱ्हांनी लिहिलं जातं आणि त्यावरून वादही होतात. रशियन माणूस ते साधारण ‘दस्तायेफ्स्की’ असं म्हणतो, कारण रशियनमध्ये ज्या ‘ओ’वर जोर नाही तो ‘अ’कडे झुकतो आणि ‘स’च्या आधीचा ‘व’ बोलताना ‘फ’ होतो. पण आज विषय उच्चाराचा नाही. या नावात एक गाव लपलेलं आहे, आणि ते गाव आज रशियात नाही.

गावाचं नाव दोस्तोयेवो. बेलारूसच्या नैर्ऋत्येला ब्रेस्त प्रांत आहे. तिथे पिन्स्क शहराच्या आसपासचा भाग दलदलींसाठी प्रसिद्ध आहे. त्याच भागातलं हे खेडं. ते आजही नकाशावर सापडतं.

गोष्ट सुरू होते १५०६ च्या ऑक्टोबरमध्ये. तेव्हा पिन्स्क मॉस्कोच्या राजाकडे नव्हतं, ते लिथुआनियाच्या महासंस्थानात होतं. तिथला सरदार-राजा फ्योदोर इवानोविच यारोस्लाविच याने आपल्या पदरच्या दानिला इवानोविच इर्तिश्च नावाच्या माणसाला काही गावं इनाम दिली. त्यांत एक होतं दोस्तोयेवो. दानिलाच्या वंशजांना लोक ‘दोस्तोयेवोवाले’ म्हणू लागले, म्हणजे तिथल्या भाषेत दोस्तोयेव्हस्की. इर्तिश्च मागे पडलं आणि इनामाचं गाव कायमचं चिकटलं.

गावाच्या नावाचा अर्थ काय? रशियनमध्ये ‘दोस्तोयनी’ म्हणजे लायक, योग्य. ‘दोस्तोयनिक’ म्हणजे मानकरी, दरबारातला प्रतिष्ठित माणूस. गावाचं नाव याच कुळातल्या शब्दावरून आलं असावं असं मानणारे अभ्यासक आहेत.

आपला ‘कर’ आणि त्यांचा ‘स्की’

मराठी माणसाला हे सगळं पटकन समजतं. कारण गावाला ‘कर’ लावून आडनाव करायची सवय आपल्याला आहे. पण ‘कर’ आणि ‘स्की’ यांना एका मापाने मोजलं तर थोडी चूक होते.

‘स्की’ हा मुळात विशेषण करणारा प्रत्यय आहे. ‘दोस्तोयेव्हस्की’ म्हणजे शब्दशः ‘दोस्तोयेवोचा’. विशेषण असल्यामुळे ते लिंगानुसार बदलतं. लेखकाची बायको आन्ना ‘दोस्तोयेव्हस्काया’ होती. (आपल्याकडे बोलण्यात ‘सातारकरीण’ होते, पण कागदावर नाही. रशियात ते पासपोर्टवरही बदलतं.)

खरा फरक पुढे आहे. जुन्या रशियन आणि लिथुआनियन सरदारवर्गात गावाला ‘स्की’ लागायचा तो बहुतेक वेळा त्या गावाचा धनी कोण हे सांगायला. व्याझ्मा ज्यांच्याकडे ते व्याझेम्स्की. ओबोलेन्स्क ज्यांच्याकडे ते ओबोलेन्स्की. शुया ज्यांच्याकडे ते शुइस्की. त्रुबचेव्हस्क शहराचे सरदार ते त्रुबेत्स्कोय. व्होल्कोना नदीकाठची जहागीर असलेले व्होल्कोन्स्की. ही सगळी घराणी राजेरजवाड्यांची, आणि त्यांचं आडनाव म्हणजे जवळजवळ सातबाराचा उताराच.

साध्या माणसाच्या गावावरून पडलेल्या आडनावाची तऱ्हा वेगळी. कझान सोडून दुसरीकडे गेलेला माणूस ‘कझानेत्स’, आणि त्याची पुढची पिढी ‘कझान्त्सेव’. रोस्तोवहून आलेल्याचे ‘रोस्तोव्त्सेव’, अस्त्राखानहून आलेल्याचे ‘अस्त्राखान्त्सेव’. उस्त्यूगहून आलेला ‘उस्त्यूझानिन’. ही नावं त्या त्या गावात पडत नाहीत, कारण खुद्द कझानमध्ये कुणाला कझानवाला म्हणून काय उपयोग? तिथे सगळेच कझानवाले. गाव सुटल्यावरच ते नाव कामाला येतं. आपल्या बहुतेक ‘कर’ मंडळींची गोष्ट अशीच असते.

म्हणजे एका प्रकारच्या नावात गाव हातात असतं, दुसऱ्यात गाव सुटलेलं असतं. दोस्तोयेव्हस्की हे पहिल्या प्रकारात जन्माला आलं. गंमत म्हणजे पुढे त्याची अवस्था दुसऱ्या प्रकारासारखी झाली.

लोहार गावोगावी असतो

आता दुर्मीळपणाकडे येऊ. रशियात सर्वाधिक आढळणाऱ्या आडनावांत इवानोव, स्मिर्नोव, कुझ्नेत्सोव ही नावं येतात. इवानोव म्हणजे इवानचा. स्मिर्नोव ‘स्मिर्नी’ म्हणजे शांत स्वभावाच्या माणसावरून. कुझ्नेत्सोव म्हणजे लोहाराचा.

आता विचार करा, रशियात इवान किती असतील? लोहार तर प्रत्येक मोठ्या गावाला लागायचाच. त्यामुळे एकमेकांशी काडीचा संबंध नसलेल्या हजारो घरांत हे आडनाव स्वतंत्रपणे तयार झालं. दोन कुझ्नेत्सोव भेटले तर नातं शोधायच्या भानगडीत कुणी पडत नाही. आपल्याकडच्या दोन पाटलांसारखंच.

दोस्तोयेव्हस्कीचं तसं नाही. एक छोटं खेडं, त्याचा एक धनी, त्याचं एक घराणं. नाव जन्माला यायला दुसरी जागाच नव्हती. घराणं वाढलं तर नाव वाढणार, घराणं आटलं तर नाव आटणार. मुली लग्न होऊन दुसरं आडनाव घेणार. अशी नावं पिढ्यांच्या गणितात फार नाजूक असतात.

ही नावं एकेका घराण्याची मक्तेदारी असल्यामुळे लेखकांची मात्र अडचण व्हायची. पात्राचं नाव त्रुबेत्स्कोय ठेवलं तर खऱ्या त्रुबेत्स्कोय मंडळींना काय वाटेल? म्हणून टॉलस्टॉयने ‘वॉर अँड पीस’मध्ये एकेक अक्षर बदललं. व्होल्कोन्स्कीचे झाले बोल्कोन्स्की (टॉलस्टॉयची आई स्वतः व्होल्कोन्स्की घराण्यातली), त्रुबेत्स्कोयचे झाले द्रुबेत्स्कोय. पुश्किन आणि लेर्मोंतोव यांनी आणखी सोपा मार्ग काढला. त्यांनी थेट नद्या धरल्या. ओनेगावरून ओनेगिन, लेनावरून लेन्स्की, पेचोरावरून पेचोरिन. वाचणाऱ्याला नाव खानदानी वाटतं आणि नदी काही तक्रार करायला येत नाही.

अक्षर कापायची युक्ती खऱ्या आयुष्यातही होती, पण तिथे ती जरा क्रूर होती. सरदाराला लग्नाबाहेर मुलगा झाला की त्याला पूर्ण आडनाव मिळत नसे, पुढचा तुकडा छाटून उरलेलं मिळे. सरदार इवान त्रुबेत्स्कोय १७०० मध्ये नार्व्हाच्या लढाईत स्वीडिश फौजेच्या हाती लागला. कैदेत असताना स्टॉकहोममध्ये त्याला मुलगा झाला. ‘त्रु’ गेलं आणि मुलगा झाला इवान बेत्स्कोय. याच बेत्स्कोयने पुढे कॅथरीन महाराणीच्या काळात रशियाच्या शिक्षणव्यवस्थेला आकार दिला आणि १७६४ मध्ये मुलींसाठी स्मोल्नी संस्था उभी राहिली ती त्याच्याच पुढाकाराने. रेप्निन घराण्यातल्या अशाच एका मुलाचं आडनाव प्निन झालं. आडनाव जितकं दुर्मीळ, तितका त्याच्या दारावरचा पहारा कडक.

गाव गेलं, नाव राहिलं

परत दोस्तोयेव्हस्कींकडे. सोळाव्या शतकात हे घराणं पिन्स्कच्या कागदपत्रांत बऱ्यापैकी दिसतं. इवान द टेरिबलला घाबरून १५६४ मध्ये लिथुआनियात पळून आलेला प्रसिद्ध सरदार कुर्ब्स्की, त्याच्या कामकाजात एक माणूस होता, त्याचं नाव चक्क फ्योदोर दोस्तोयेव्हस्की. लेखकाच्या जन्माआधी अडीचशे वर्षं. १६०६ मध्ये याच आडनावाच्या एका बाईवर नवऱ्याच्या खुनाचा खटला चालला. खून आणि खटला हे दोस्तोयेव्हस्कीच्या कादंबऱ्यांचं घरचं सामान, त्यामुळे चरित्रकारांना ही नोंद सापडली तेव्हा काय वाटलं असेल याची कल्पना करता येते.

त्यानंतर पिन्स्ककडचं वैभव ओसरलं. लेखकाचे आजोबा आंद्रेई पोडोलियातल्या, म्हणजे आजच्या युक्रेनमधल्या, वोइतोव्त्सी नावाच्या खेड्यात पाद्री होते. घराण्याचा माग काढणारे त्यांचा धागा त्याच पिन्स्कच्या दोस्तोयेव्हस्कींशी जोडतात. जमीन नव्हती, दरबार नव्हता, होतं ते फक्त आडनाव.

आजोबांचा मुलगा मिखाईल यानेही पाद्री व्हावं अशी घरची अपेक्षा होती. त्याने ते शिक्षण सोडलं आणि १८०९ मध्ये मॉस्को गाठून डॉक्टरकी शिकायला सुरुवात केली. नेपोलियनच्या स्वारीत जखमी सैनिकांवर उपचार केले. पुढे मॉस्कोत गरिबांसाठी असलेल्या मारिइन्स्की इस्पितळात नोकरी धरली. तिथल्याच आवारात १८२१ मध्ये फ्योदोरचा जन्म झाला.

मला या सगळ्या कथेत सर्वांत लक्षात राहणारी गोष्ट १८२८ ची वाटते. त्या वर्षी मिखाईल आणि त्याच्या मुलांची नावं मॉस्को प्रांताच्या उमरावांच्या नोंदवहीत चढली. कशाच्या जोरावर? १५०६ च्या इनामाच्या नव्हे. सरकारी इस्पितळातल्या नोकरीत मिळालेल्या हुद्द्याच्या जोरावर. ज्या घराण्याचं आडनावच मुळात जमिनीच्या मालकीतून आलं, त्याला उमरावपण पुन्हा पहिल्या पायरीपासून कमवावं लागलं. १८३१ मध्ये मिखाईलने तुला प्रांतात दारोवोये नावाची लहानशी जमीनदारीही विकत घेतली. पण तोपर्यंत आडनावं पक्की झाली होती. धनी बदलला म्हणून कुणी ‘दारोव्हस्की’ झालं नाही.

नाव दुर्मीळ असलं की ओळख पटायला सोपं जातं असं आपल्याला वाटतं. १८४९ च्या एप्रिलमध्ये झारच्या पोलिसांनाही बहुधा तसंच वाटलं. पेत्राशेव्हस्की नावाच्या माणसाच्या घरी जमणाऱ्या मंडळींची धरपकड सुरू होती. फ्योदोर पकडला गेला. त्याचा मोठा भाऊ मिखाईल यालाही पकडायचं होतं, पण पोलीस उचलून घेऊन गेले धाकट्या आंद्रेईला. त्याला त्या बैठकांचं काही माहीतही नव्हतं. सुमारे तेरा दिवस कोठडीत काढल्यावर चूक लक्षात आली, तो सुटला आणि मिखाईल आत गेला. मिखाईलही काही आठवड्यांत सुटला. फ्योदोर मात्र मृत्युदंडाच्या जागेपर्यंत जाऊन, शेवटच्या क्षणी शिक्षा बदलल्यामुळे, सायबेरियाला गेला.

वंशाची बारीक दोरी

फ्योदोर आणि आन्ना यांना चार मुलं झाली. सोफिया १८६८ मध्ये जन्मली आणि तीन महिन्यांतच गेली. धाकटा अलेक्सेई १८७८ मध्ये तिसऱ्या वर्षी फेफऱ्याच्या झटक्याने गेला. मुलगी ल्युबोव्हने लग्न केलं नाही, ती १९२६ मध्ये इटलीत वारली. वडिलांवर तिने पुस्तक लिहिलं, त्यात घराण्याच्या लिथुआनियन मुळांचा अभिमान ओसंडून वाहतो. उरला मुलगा फ्योदोर. त्याला दोन मुलगे, त्यांतला थोरला कोवळ्या वयात गेला. राहिला एक नातू, आंद्रेई, जन्म १९०८. लेखकाचं आडनाव त्याच्या थेट वंशात पुढे गेलं ते या एका माणसामुळे.

आडनाव मोठं असल्याचा सोव्हिएत काळात फायदा झाला असंही नाही. लेखकाचा पुतण्या आंद्रेई आंद्रेयेविच दोस्तोयेव्हस्की हा संख्याशास्त्रज्ञ. १९३० मध्ये विद्वानांची जी धरपकड झाली तीत तो सापडला. वय सदुसष्ट. त्याला श्वेत समुद्राच्या कालव्यावरच्या श्रमछावणीत धाडलं. पुढच्या वर्षी तो सुटला आणि १९३३ मध्ये वारला. योगायोग असा की त्याच १९३३ मध्ये मॉस्कोत या घराण्याचा सविस्तर इतिहास पुस्तकरूपाने छापला गेला. लेखक होता मिखाईल वोलोत्स्कोय. दानिला इर्तिश्चपासूनची वंशावळ सर्वसामान्य वाचकाला मिळाली ती तिथे.

दरम्यान दोस्तोयेवो गाव स्वतः हललं नाही, पण देश बदलत गेला. लिथुआनिया, मग पोलंड-लिथुआनियाचं संयुक्त राज्य, अठराव्या शतकाच्या अखेरीस रशियन साम्राज्य, दोन महायुद्धांच्या मधे पोलंड, मग सोव्हिएत संघ आणि १९९१ पासून स्वतंत्र बेलारूस. जगातलं एक अत्यंत ‘रशियन’ समजलं जाणारं आडनाव ज्या मातीत रुजलं ती माती रशियाकडे राहिली साधारण सव्वा शतकच, आणि सोव्हिएत काळ धरला तर आणखी अर्धं शतक. आज गावात लेखकाचं छोटं संग्रहालय आहे. बुध ग्रहावरच्या एका मोठ्या विवरालाही हेच नाव आहे.

नातू आंद्रेई व्यवसायाने इंजिनीअर. आजोबांच्या वस्तू, कागद आणि आठवणी गोळा करून लेनिनग्राडमध्ये संग्रहालय व्हावं म्हणून तो बरीच वर्षं धडपडला. १९६८ मध्ये तो गेला. संग्रहालय उघडलं १९७१ मध्ये, ज्या घरात १८८१ साली लेखकाने शेवटचा श्वास घेतला त्याच घरात. पत्ता आहे कुझ्नेच्नी गल्ली. मराठीत सांगायचं तर लोहार आळी.