परिपथ आकृतीतील जंपर तार

जंपर तार म्हणजे इलेक्ट्रॉनिक परिपथातील दोन बिंदू थेट जोडणारा वाहक तारेचा छोटा तुकडा होय. ब्रेडबोर्डवर ती छिद्रांत खोचली जाते, तर मुद्रित सर्किट बोर्डवर सोल्डर करून पक्की बसवली जाते. परिपथ आकृतीत मात्र ती नेहमीच स्वतंत्रपणे दाखवली जात नाही. कोणता बिंदू कोणाशी विद्युतदृष्ट्या जोडलेला आहे, एवढेच आकृती सांगते. जोडणी तांब्याच्या पट्टीने झाली की तारेने, हे सांगणे तिचे मूळ काम नव्हे. त्यामुळे फ्रिट्झिंगसारख्या सॉफ्टवेअरमध्ये ब्रेडबोर्डच्या दृश्यात दिसणारी रंगीत तार आकृतीच्या दृश्यात साधी रेघ होते.

छेदणाऱ्या रेघा

एकाच बाजूस तांबे असलेल्या बोर्डवर दोन पट्ट्या एकमेकींना ओलांडू शकत नाहीत. अशा ठिकाणी दुसऱ्या बाजूने जंपर टाकतात. आकृतीतील रेघांचे छेद आणि बोर्डवरील जंपर यांचा मात्र एकास एक संबंध नसतो. ठिपका नसलेला छेद म्हणजे जोडणी नाही, ठिपका असलेला छेद म्हणजे जोडणी, असा संकेत आहे. जुन्या आकृत्यांत न जोडलेली रेघ अर्धवर्तुळाकार कमानीने दुसरीवरून नेलेली आढळते. छायाप्रतीत ठिपका पुसट होऊ शकतो किंवा शाईचा डाग ठिपक्यासारखा भासू शकतो. म्हणून चार रेघा एकाच बिंदूत न जोडता दोन जोडबिंदू थोड्या अंतरावर काढणे अधिक सुरक्षित ठरते.

घटक म्हणून जंपर

जंपर हा स्वतंत्र सुटा भाग म्हणून बसवायचा असेल, तर त्याला आकृतीत चिन्ह आणि क्रमांक द्यावाच लागतो. बहुधा 'जेपी 1' असा क्रमांक वापरतात. तो वगळल्यास सुट्या भागांच्या यादीत जंपर येत नाही, बोर्डवरील दोन्ही जागा रिकाम्या राहतात आणि परिपथ खंडित राहतो. दुसरे कारण सॉफ्टवेअरशी निगडित आहे. साध्या रेघेने जोडलेले दोन भाग संगणकाच्या लेखी एकच जोडणी ठरतात. ॲनालॉग व डिजिटल ग्राउंड एकाच ठिकाणी जोडून इतरत्र वेगळे ठेवायचे असल्यास दोन टोकांचे चिन्ह आवश्यक असते. कायकॅडमध्ये अशी चिन्हे तयार मिळतात.

यंत्राने भाग बसवताना तारेऐवजी शून्य ओहमचा रेझिस्टर सोयीचा पडतो. त्यावर एकच काळा पट्टा किंवा '0' अथवा '000' असे अंक असतात आणि आकृतीत तो रेझिस्टरच्या चिन्हानेच काढतात. नावाप्रमाणे त्याचा रोध पूर्ण शून्य नसतो. 50 मिलिओहम रोधातून 2 अँपिअर धारा गेल्यास 0.1 व्होल्ट विभवांतर पडते. अचूक मोजमापाच्या परिपथात ते दुर्लक्षणीय नाही.

टोपीने जोडायच्या पिनांचा जंपर हा वेगळा प्रकार आहे. जुन्या आयडीई हार्ड डिस्कवर मास्टर व स्लेव्ह यांची निवड त्याने होत असे. येथे केवळ चिन्ह पुरत नाही. मूळ स्थितीत कोणत्या पिना जोडलेल्या आहेत, तेही आकृतीत लिहावे लागते.

बोर्ड तयार झाल्यावर चूक आढळल्यास पट्टी कापून वरून तार जोडली जाते. हा बदल आकृतीत नोंदवला नाही, तर पुढील दुरुस्ती करणारा तंत्रज्ञ ती तार अनावश्यक समजून काढून टाकण्याची शक्यता असते.