तंबाखू जाळण्याऐवजी तापवली, तर पेशींचं नुकसान टळतं का?

धूर नाही, राख नाही, मग धोकाही नाही, असा समज हीटेड टोबॅकोबद्दल आहे. फुप्फुसाच्या पेशींवरचे प्रयोग मात्र वेगळं सांगतात.

हीटेड टोबॅको म्हणजे काय?

झुरका घेताना सिगारेटच्या पेटत्या टोकाचं तापमान ९०० अंश सेल्सिअसच्या आसपास जातं. तंबाखू जळते आणि धुरात हजारो रसायनं मिसळतात. हीटेड टोबॅकोमध्ये बॅटरीवरचं उपकरण तंबाखूची कांडी साधारण ३५० अंशांपर्यंत तापवतं. कांडी पेटत नाही, पण निकोटिनयुक्त वाफ निघते. फिलिप मॉरिसचं 'आयकॉस' हे यातलं सर्वांत परिचित नाव. २०१४ मध्ये ते जपानमधल्या नागोयात बाजारात आलं.

पेशींवर काय दिसलं?

२०१८ मध्ये अमेरिकेतल्या रॉसवेल पार्क कर्करोग केंद्राच्या संशोधकांनी श्वासनलिकेच्या पेशींवर थेट धूर आणि वाफ सोडून पाहिली. हीटेड टोबॅकोची वाफ सिगारेटपेक्षा कमी, पण ई-सिगारेटपेक्षा जास्त घातक ठरली.

२०१९ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या टास्मानिया विद्यापीठाच्या प्रयोगात सिगारेटचा धूर आणि आयकॉसची वाफ, दोन्ही कमी मात्रेतही पेशींना विषारी ठरले.

असं का होतं?

तंबाखू जळत नसल्यानं कार्बन मोनॉक्साईड आणि बेंझिनसारखे घटक खूप कमी होतात. पण फॉर्मल्डिहाईड, ॲक्रोलिन पूर्णपणे जात नाहीत. निकोटिनही असतंच, त्यामुळे व्यसन सुटत नाही.

मग धोका कमी म्हणायचा का?

प्रयोगशाळेतल्या पेशींवर परिणाम काही तासांत किंवा दिवसांत मोजला जातो. कर्करोग किंवा सीओपीडी व्हायला अनेक वर्षं लागतात. त्यामुळे अशा प्रयोगांवरून माणसाला नेमका किती धोका आहे, हे ठरवता येत नाही.

अमेरिकेच्या एफडीएनं २०२० मध्ये हाच फरक केला. सिगारेट पूर्ण सोडून आयकॉसकडे वळल्यास हानिकारक रसायनांशी संपर्क कमी होतो, असं सांगायला कंपनीला परवानगी मिळाली. आजाराचा धोका कमी होतो, असं म्हणायला मिळाली नाही.

भारतात काय नियम आहे?

२०१९ च्या ई-सिगारेट बंदी कायद्यात हीटेड टोबॅकोची उपकरणंही येतात. त्यांचं उत्पादन, आयात, विक्री, साठवणूक आणि जाहिरात गुन्हा आहे.

तंबाखू सोडायची असेल, तर सरकारच्या १८००-११२-३५६ या टोल-फ्री क्रमांकावर मोफत समुपदेशन मिळतं.