अंगणात गेलेली शाळा

बालवाडीत आता टॅबलेट आला आहे. तो कधी काढायचा, किती वेळ द्यायचा, पाळी कशी लावायची, हे कोणी ठरवायचं? थोडं मागे जाऊ.

१९४५ साली ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं. ताराबाईंनी आधी भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर माँटेसरी पद्धतीवर काम केलं होतं. पण ती महागडी साधनं खेड्याला परवडेनात. मग त्यांच्या जागी शिंपले, खडे, बिया आल्या. वस्तीतली मुलं शाळेत येईनात, तेव्हा शाळाच त्यांच्या अंगणात गेली. तीच अंगणवाडी.

पुढच्याच वर्षी अमेरिकेत कर्ट लेविन यांनी अशी रीत ‘कृतिसंशोधन’ म्हणून मांडली: ठरवा, करा, तपासा, पुन्हा ठरवा. १९५३ साली स्टीफन कोरी यांच्या पुस्तकाने ती शाळांपर्यंत नेली.

टॅबलेटचंही तसंच. बाईंनी आठवडाभर नुसती नोंद ठेवावी: हात कोणाचा पोहोचतो, कोण कोपऱ्यात राहतं? मग एकच बदल करावा आणि पुन्हा नोंद घ्यावी. कोपऱ्यातलं ते मूल पुढे आलं, तरच साधन कामाचं.