बुळकांडीचा धडा

धानाच्या बांधीतली चिखलणी बैलांवरच होत असे, तेव्हा बुळकांडी आली की गोठा ओस पडे आणि वर्ष बुडे. हे दुःख भंडाऱ्यापुरते नव्हते. १९२० साली भारतातून ब्राझीलला निघालेली गुरे वाटेत अँटवर्प बंदरात उतरली आणि बेल्जियममध्ये बुळकांडी पसरली. त्यातूनच १९२४ मध्ये २८ देशांनी पॅरिसला पशुरोगांची आंतरराष्ट्रीय संस्था स्थापली. आपला पशुआयातीचा कायदा तर १८९८ चा.

२०११ मध्ये जग बुळकांडीमुक्त जाहीर झाले. जनावर असो, मांस असो वा कातडे, बंदरावरचे प्रश्न मात्र तेच आहेत: माल कुठला? तिकडे कोणता रोग आहे? तपासणी झाली का? बाजारातून नवी जोडी आणणाऱ्यानेही हेच विचारावे, आणि ती काही दिवस वेगळी बांधावी.