रायफल निवडण्याची गोष्ट

१९६२ सालची दिवाळी आमच्या वाड्यात मुकाट्याने आली आणि मुकाट्याने गेली. २० ऑक्टोबरला चीनने नेफात आणि लडाखमध्ये एकाच वेळी हल्ला चढविला, तेव्हा दिवाळी आठवड्यावर आली होती. आणलेले फटाके आईने माळ्यावर ठेवून दिले. संध्याकाळी सारा वाडा रेडिओभोवती जमे. बायका बातम्या ऐकता ऐकता जवानांसाठी स्वेटर विणीत. मी चौदा वर्षांचा होतो. त्या बैठकीत एकदा कोणीतरी म्हणाले, "त्यांच्या बंदुका आपोआप भरतात, आणि आपली पोरं अजून खटके ओढताहेत!" बैठकीत एकदम शांतता पसरली.

ते वाक्य माझ्या मनात रुतून बसले. आपोआप भरणारी बंदूक म्हणजे काय, आणि ती आपल्याकडे का नव्हती? या दोन प्रश्नांनी पुढे मला पुष्कळ वाचायला लावले. आज दिवाळीच्या निमित्ताने ती हकीकत वाचकांना सांगावीशी वाटते.

तीन वर्षांनी मी कॉलेजात गेलो. एन.सी.सी. तेव्हा सक्तीची होती. तिथे माझ्या हाती आली ती थ्री-नॉट-थ्री. ली-एनफील्ड घराण्यातली ही रायफल १९०७ सालच्या नमुन्याची. हुगळीकाठच्या इच्छापूरच्या कारखान्यात ती पिढ्यान्‌पिढ्या तयार झाली. दोन महायुद्धे पाहिलेली, मजबूत आणि नेमकी. तिच्या पोटात दहा गोळ्या मावत. पण प्रत्येक गोळीनंतर बोल्टची मूठ वर उचलायची, मागे ओढायची, पुढे ढकलायची, खाली दाबायची. मग पुन्हा नेम. पुण्याच्या कोवळ्या उन्हातसुद्धा माझी त्रेधा उडे. सोळा हजार फुटांवर, गारठलेल्या बोटांनी हे करणाऱ्यांचे काय झाले असेल, हा विचार तेव्हा पहिल्यांदा मनात आला.

आपोआप भरणाऱ्या रायफलीची युक्ती तशी सोपी आहे. उकळत्या भाताच्या पातेल्यावरचे झाकण वाफेने उडते, त्यातलाच तो प्रकार. गोळीमागून नळीत धावणाऱ्या वायूचा थोडा अंश एका बारीक भोकातून काढून दट्ट्यावर सोडायचा. त्या धक्क्याने बोल्ट मागे सरकतो, रिकामी पुंगळी बाहेर फेकली जाते, आणि स्प्रिंगच्या जोराने पुढे येताना बोल्ट नवे काडतूस नळीत सारतो. जवानाने केवळ चाप ओढायचा. एका ओढीला एकच गोळी सुटते, म्हणून ही अर्धस्वयंचलित. चाप दाबून धरला असता गोळ्यांची सर सुटते ती पूर्ण स्वयंचलित.

युक्ती सोपी असली तरी निवड सोपी नव्हती. आपल्या पायदळाची नित्याची रायफल म्हणून अर्धस्वयंचलित रायफल प्रथम स्वीकारली ती अमेरिकेने, १९३६ साली. तिचा कर्ता जॉन गॅरंड हा कॅनडातील क्वेबेकचा. स्प्रिंगफील्डच्या सरकारी शस्त्रशाळेत तो नोकरीला होता. त्याने आधी लहान काडतुसाची, दहा गोळ्यांची रायफल तयार केली होती. तज्ज्ञांना ती पसंतही पडली. परंतु १९३२ साली सेनाप्रमुख डग्लस मॅकआर्थर यांनी नकार दिला. जुन्या .३० काडतुसांचे प्रचंड साठे कोठारांत पडून होते. ते टाकून द्यायचे कसे? गॅरंडने मुकाट्याने रायफल जुन्या काडतुसाला बेतली आणि दहाच्या आठ गोळ्या झाल्या. पुढे लाखो रायफली निघाल्या, पण या गृहस्थाला त्यांच्यावर मानधनाचा एक पैसा मिळाला नाही. त्याला एक लाख डॉलर द्यावेत असा ठराव अमेरिकेच्या काँग्रेसपुढे आला, तोही मंजूर झाला नाही.

इथे मला माझ्या प्रश्नाचे पहिले सूत्र सापडले. सैन्य रायफल निवडते असे आपण म्हणतो. वस्तुतः ते आधी काडतूस निवडते, आणि काडतुसाबरोबर कारखाने, कोठारे आणि पुढची तीस वर्षे निवडते. म्हणूनच दरबारी मंडळींचा हात तिथे अडखळतो.

दुसऱ्या महायुद्धानंतर हाच पेच युरोपात पडला. बेल्जियममध्ये लिएज शहराजवळ एर्स्ताल येथे एफ.एन. हा शस्त्रांचा नामांकित कारखाना आहे. तिथला दिदोने सेव्ह हा विख्यात अमेरिकन शस्त्ररचनाकार ब्राउनिंग याच्या हाताखाली तयार झालेला. त्याने 'एफ.ए.एल.' नावाची रायफल रचली, तीही आधी लहान काडतुसासाठी. इंग्रजांनी तर १९५१ साली ई.एम.-२ नावाची अगदी आखूड रायफल स्वीकारली होती. तिचे मॅगझिन चापाच्या मागे, दस्त्यात बसविलेले. परंतु अमेरिकेने जोरदार, लांब पल्ल्याच्या काडतुसाचा हट्ट धरला. चर्चिल पुन्हा पंतप्रधान झाल्यावर ई.एम.-२ रद्द झाली, ७.६२ मिलिमीटरचे काडतूस पश्चिमी राष्ट्रांनी ठरविले आणि सेव्हची रायफल त्या मापाने वाढविण्यात आली. कॅनडा, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया यांनी ती घेतली. इंग्रजांनी तिचे नाव ठेवले 'सेल्फ लोडिंग रायफल', म्हणजेच एस.एल.आर.

आपल्याकडे बदलाचा विचार युद्धाआधीच सुरू झाला होता. परंतु विचार आणि हत्यार यांच्यामध्ये किती अंतर असते, ते १९६२ ने दाखवून दिले. नामका चू नदीवर जवानामागे पन्नास गोळ्या होत्या, असे तिथल्या ब्रिगेडचे प्रमुख ब्रिगेडियर दळवी यांनी पुढे लिहून ठेवले. १८ नोव्हेंबरला लडाखमधल्या रेझांग ला येथे मेजर शैतान सिंग यांची कुमाऊँ रेजिमेंटची कंपनी थ्री-नॉट-थ्री घेऊनच लढली. सुमारे एकशेवीस जणांपैकी एकशेचौदा कामी आले. बर्फ ओसरू लागल्यावर त्यांचे देह मोर्चांतच सापडले; कित्येकांच्या हातात हत्यार तसेच होते. समोर चिन्यांजवळ रशियन धर्तीच्या दहा गोळ्यांच्या अर्धस्वयंचलित कार्बाइनी होत्या. केवळ रायफलीमुळे आपण हरलो, असे मी म्हणणार नाही. रस्ते नव्हते, गरम कपडे नव्हते, तोफा पुरेशा नव्हत्या, आणि वरचे अंदाज चुकले होते. परंतु जुनी रायफल ही त्या साऱ्या उशिराची जवानाच्या हातातली खूण होती, एवढे खरे.

नोव्हेंबरात यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले. हिमालयाच्या हाकेला सह्याद्री धावला, असे आपण त्या वेळी अभिमानाने म्हणालो. पुण्याच्या शस्त्रसंशोधन संस्थेने परदेशी एफ.ए.एल. सुट्या करून अभ्यासल्या आणि भारतीय नमुना बेतला. त्याची मापे इंग्रजी रायफलीशी जुळत नाहीत, की बेल्जियन रायफलीशीही. त्यामुळे एकीचे सुटे भाग दुसरीला बसत नाहीत. हाच '७.६२ मि.मी. १ए', आणि तो तयार झाला त्या जुन्या इच्छापुरातच. नव्या रायफली लागलीच पुरेशा निघेनात, तेव्हा जुन्या बोल्टच्या रायफलीलाच नव्या काडतुसाचे माप देऊन '२ए' नावाची तात्पुरती रायफल काढली. काडतूस आधी, रायफल मागून, हे इथेही दिसले. त्याच दशकात आपल्या जळगाव जिल्ह्यात वरणगावला काडतुसांचा कारखाना उभा राहिला.

माझे थोरले मामा बेळगावच्या मराठा लाइट इन्फंट्रीत सुभेदार होते. एकदा रजेवर आले असता मी त्यांना विचारले, "मामा, नवी रायफल कशी आहे हो?"

"जड आहे," ते म्हणाले. "लांबीला जुनीएवढीच. आमच्यातले म्हातारे आधी कुरकुरले, की पोरं गोळ्या उधळतील."

"मग?"

"अरे, गोळ्यांची सर सोडायची सोयच ठेवलेली नाही तिच्यात. एक चाप, एक गोळी. पण खरी गोष्ट निराळीच. जुनीत दर गोळीला डोळा निशाणीवरून हलायचा. हिच्यात हलत नाही. समोरचा माणूस दिसत राहतो." थोडे थांबून ते म्हणाले, "बासष्टला ही असती तर..." आणि त्यांनी तंबाखूची डबी उघडली. ते वाक्य त्यांनी कधीच पुरे केले नाही.

लांब, जड आणि एकेक गोळी नेमकी सोडणारी ही रायफल आपल्या सैन्याने १९७१ च्या युद्धात वागविली, आणि नव्वदच्या दशकाच्या अखेरीस तिची जागा लहान काडतुसाच्या इन्सास रायफलीने घेऊ लागली. ज्या अमेरिकेने मोठ्या काडतुसाचा हट्ट धरला होता, ती स्वतः तर साठच्या दशकातच लहान काडतुसाकडे वळली. गॅरंड, सेव्ह आणि ई.एम.-२ चे रचनाकार, तिघांनीही आरंभ लहान काडतुसापासून केला होता, हे आठवले की नवल वाटते.

अचूक निवड कोणालाच साधत नाही, हे आता मला पटले आहे. चूक झाली तर ती सुधारता येते. इच्छापूरच्या कारागिरांनी ते करून दाखविले. पण निवड लांबणीवर टाकली, तर त्याची किंमत बैठकीत बसलेल्यांना पडत नाही, ती कुठल्यातरी खिंडीत उभ्या असलेल्या पोराला पडते.

माळ्यावरचे ते फटाके आईने पुढल्या दिवाळीत खाली काढले. निम्मे सर्दावले होते. जे वाजले ते आम्ही मुलांनी वाजविले. पण पहिली पणती आईने त्या वर्षी दारात न लावता रेडिओपाशी लावली होती, हे मला आजही आठवते.